बिग सर नदीकाठचं फायफर रिसॉर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाँग वीकेंड जवळ आला की सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली आपली मंडळी हायवे वन धरून बिग सरला निघतात. जाण्याआधी विचारतात ते खोलीबद्दल. परत आल्यावर मात्र वेगळेच प्रश्न येतात: ती जुनी केबिन कुणाची, एवढ्या अवघड कड्यावर रस्ता केला कुणी, सगळीकडे फायफर हेच नाव का? गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आपण नेमकं कुठल्या रिसॉर्टबद्दल बोलतोय?

कॅलिफोर्नियात कार्मेल गावाच्या दक्षिणेला साधारण २६ मैलांवर, हायवे वनच्या कडेला, बिग सर नदीच्या काठी जे रिसॉर्ट ‘फायफर्स रँच रिसॉर्ट’ म्हणून सुरू झालं, त्याबद्दल. त्या जागी आज ‘बिग सर लॉज’ आहे, आणि भोवतीची जमीन म्हणजे फायफर बिग सर स्टेट पार्क. नदी, रस्ता आणि पाहुणे तिन्ही तिथेच राहिले. मालक आणि इमारती बदलल्या, त्या कशा ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये आहे.

२. उच्चार काय करायचा? आणि बिग ‘सर’ म्हणजे कुणी मोठे सर होते का?

‘फायफर’ म्हणा. स्पेलिंगमधला पहिला पी उच्चारत नाहीत.

‘सर’ हा स्पॅनिश शब्द, अर्थ दक्षिण. मॉन्टेरे ही स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातली कॅलिफोर्नियाची राजधानी, आणि तिच्या दक्षिणेचा हा सगळा डोंगराळ मुलूख म्हणजे ‘एल सूर’. इथल्या दोन नद्यांपैकी मोठी ती बिग सर, धाकटी ती लिटल सर. गावाच्या पोस्टाचं नाव आधी ‘आर्बोलाडो’ म्हणजे झाडीचं ठिकाण असं होतं. रहिवाशांनी अर्ज केला आणि १९१५ साली ते बदलून बिग सर झालं.

३. फायफर यायच्या आधी तिथे कोणीच नव्हतं का?

होतं. माहितीच्या फलकांवर १८६९ पासून गोष्ट सुरू झालेली वाचून बरेच जण असं धरून चालतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो.

या डोंगरांत एसेलेन लोक हजारो वर्षं राहत होते. स्पॅनिश मिशन आल्यावर त्यांना तिकडे नेलं गेलं, आणि रोगराईने त्यांची संख्या झपाट्याने घटली. १८३४ साली मेक्सिकन सरकारने किनाऱ्यालगतची मोठी जमीन ‘रँचो एल सूर’ म्हणून इनाम दिली. नंतर ती कूपर नावाच्या कप्तानाकडे गेली. कूपरच्या रँचवर गुरं राखणारा मॅन्युएल इनोसेंटी हा मूळनिवासी माणूस याच खोऱ्यात बायकोमुलांसह राहत होता. पार्कमधून जो माउंट मॅन्युएल दिसतो, तो त्याच्याच नावाचा. त्याच्या कुटुंबाची दफनभूमीही पार्कच्या हद्दीत आहे. पायवाटेवर ती आली तर तिथे फोटोसाठी घोळका करू नका, एवढी विनंती.

एसेलेन लोक आजही आहेत. २०२० मध्ये लिटल सर नदीकाठची सुमारे १,२०० एकर जमीन मॉन्टेरे काउंटीतल्या एसेलेन जमातीच्या नावावर परत झाली.

४. रिसॉर्ट सुरू कुणी केलं?

पुष्कळ ठिकाणी ‘जॉन फायफर यांनी’ असं लिहिलेलं सापडतं. जमीन त्यांची होती हे खरं. पण रिसॉर्ट सुरू झालं ते त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांच्यामुळे.

मायकेल आणि बार्बरा फायफर हे जोडपं चार मुलांसह १८६९ साली इथे आलं आणि जवळच्या सिकमोर कॅन्यनमध्ये स्थिरावलं. त्या मुलांपैकी जॉन. मोठा झाल्यावर त्याने १८८४ साली बिग सर नदीच्या घळीवरच्या उंचवट्यावर स्वतःची केबिन बांधली. गुरं होती, मधमाश्या होत्या, मध विकला जायचा. पुढे फ्लॉरेन्सबाईंशी लग्न झालं.

त्या काळी या वाटेवर खाणावळ कुठली? जो कोणी शिकारीला, मासेमारीला किंवा पुढच्या गावाला निघालेला असे, तो अंधार पडला की फायफरांच्या दारात येई. बाई जेवू घालत, अंथरूण देत आणि पैसे घेत नसत. आपल्याकडे आडगावात वाटसरूला भाकरी घालतात, तसंच. एकदा असाच फुकट उतरलेला एक पाहुणा आपल्या जनावराला बेदम मारताना त्यांनी पाहिला. तेव्हा त्यांचा तोल गेला. इथून पुढे या घरात राहायचं तर पैसे मोजावे लागतील, असं त्यांनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. हे १९१० च्या सुमाराचं. फायफर्स रँच रिसॉर्टचा जन्म तो.

या प्रसंगाचे दोन-तीन पाठभेद ऐकायला मिळतात. कुणी घोडा म्हणतं, कुणी खेचर. पण बाईंचा संताप सगळ्यांत सारखाच आहे. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की स्वतःचे कष्ट फुकट जात होते तेव्हा ही बाई काही बोलली नाही, मुक्या जनावराला मार बसला तेव्हा बोलली.

५. हायवे नव्हता तर पाहुणे यायचे कसे?

घोड्यावर, बग्गीतून, टप्प्याटप्प्याने. मॉन्टेरेहून कच्चा रस्ता होता, तो किनारा सोडून आत डोंगरात शिरायचा, ओढे पार करायचा आणि पुन्हा खाली यायचा. आज जे अंतर तासाभरात कापतो त्याला सबंध दिवस लागे. पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, रस्ता चिखलात बुडाला की खोरं आठवडेच्या आठवडे एकटं पडे. जड सामान समुद्रामार्गे यायचं. वीज तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोचली.

म्हणूनच तेव्हाचा पाहुणा एका रात्रीपुरता येत नसे. एवढे हाल सोसून आलेला माणूस चांगला आठवडाभर राहायचा, नदीत डुंबायचा, ट्राउट मासे धरायचा. ‘एक रात्र उतरून सकाळी पुढे’ ही सवय हायवेने लावली.

६. हायवे वन कैद्यांनी बांधला हे खरं आहे का?

खरं आहे, पण सगळा नाही.

मूळ कल्पना एका डॉक्टरची. १८९४ साली पॉइंट सरजवळ ‘लॉस एंजेलिस’ नावाचं जहाज खडकावर आपटलं. जखमींना उपचार द्यायला मॉन्टेरेहून डॉ. जॉन रॉबर्ट्स घोड्याच्या दोनचाकी गाडीतून निघाले. पंचवीसेक मैल जायला त्यांना साडेतीन तास लागले, आणि त्या काळाच्या मानाने तो वेग फार मोठा होता. इथे धड रस्ता हवाच हे त्यांच्या मनाने घेतलं. १८९७ मध्ये ते मॉन्टेरेपासून सॅन लुइस ओबिस्पोपर्यंत सगळा किनारा पायी चालले, फोटो काढले, टिपणं केली. खर्चाचा त्यांचा अंदाज होता ५०,००० डॉलर. प्रत्यक्षात तो कितीतरी पटींनी वाढला. १९१९ मध्ये कर्जरोख्यांतून मंजूर झालेली पहिली रक्कमच १५ लाख डॉलर होती.

काम सुरू झाल्यावर मजूर टिकेनात. जागा दुर्गम, कडे सुरुंगाने फोडायचे, खाली थेट समुद्र. तेव्हा सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी आणले गेले. किर्क क्रीक, अँडरसन क्रीक अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. दिवसाला ३५ सेंट मजुरी आणि शिक्षेत सूट. शेजारी पगारी कामगारही होते, त्यामुळे ‘कैद्यांनी बांधलेला रस्ता’ हे अर्धं सत्य. पण ते अर्धं सत्य विसरून हा रस्ता नुसता ‘निसर्गरम्य’ म्हणून पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. सुमारे १८ वर्षं काम चाललं आणि जून १९३७ मध्ये रस्ता सलग खुला झाला.

फोटोत सगळ्यांना हवा असतो तो बिक्सबी क्रीकचा पूल १९३२ मधला: लांबी ७१४ फूट, ओढ्यापासून उंची २६० फुटांवर. तो झाला आणि फायफरांच्या दाराशी बारमाही गाडी येऊ लागली.

७. मग धंदा वाढायच्या वेळीच फायफरांनी जमीन का विकली?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच.

रस्ता येणार म्हटल्यावर जमिनीचा भाव चढतो, हे आपल्याला शिकवायला नको. १९३० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बिल्डरने जॉन फायफर यांना २ लाख १० हजार डॉलर देऊ केले. तो मंदीचा काळ, रक्कम डोळे फिरावेत अशी. बिल्डरला नदीकाठी प्लॉट पाडायचे होते. फायफर यांनी नकार दिला. १९३३ साली त्यांनी सुमारे ७०० एकर जमीन कॅलिफोर्निया राज्याला दिली, तीही पार्कसाठी.

ही जमीन फुकट दान दिली असं काही लेखांत म्हटलेलं असतं, ते बरोबर नाही. व्यवहार विक्रीचाच होता. पण कुणाला विकायची हे त्यांनी ठरवलं, आणि तेवढ्यावरच आज तिथे रेडवूडची झाडं उभी आहेत. नाहीतर आज तिथे कुंपणं आणि खाजगी मालमत्तेच्या पाट्या दिसल्या असत्या.

८. म्हणजे आजचं बिग सर लॉज हेच ते जुनं रिसॉर्ट का?

जागा तीच, इमारती त्या नाहीत.

पार्क झाल्यावर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळातली ‘सिव्हिलियन कन्झर्वेशन कोर’, थोडक्यात सीसीसी, इथे आली. मंदीत बेकार झालेली तरुण पोरं सरकारने जंगलाच्या कामावर लावली होती. त्यांनी इथे तळ टाकला, पायवाटा काढल्या, पादचारी पूल केला, लॉज आणि न्हाणीघरं बांधली. सामान सगळं जागेवरचं: रेडवूडचं लाकूड आणि नदीतले गोटे. त्यांच्या हातची एखादी भिंत दिसली तर जवळ जाऊन पाहा. गोटे तासून चौकोनी केलेले नाहीत. नदीने घडवले तसेच गोल, लहानमोठे, एकमेकांच्या खोबणीत बसवले आहेत.

आज मुक्कामाला मिळतात त्या साठेक कॉटेज-खोल्या बऱ्याच नंतरच्या. ‘१९१० ची खोली मिळेल का’ या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे नाही असंच आहे.

९. घळीच्या वाटेवरची लाकडी केबिन तरी मूळ आहे ना?

नाही, ती जॉन फायफर यांच्या १८८४ च्या केबिनची प्रतिकृती आहे. तरी पाहाच. बुटकं दार, कळकट लाकूड, आणि आत डोकावलं की एकदम थंड अंधार. एवढ्याशा खोलीत संसार आणि सगळा हिवाळा! पुस्तकात कितीही वाचलं तरी ‘होमस्टेड’, म्हणजे सरकारी जमिनीवर घर बांधून वसणं, काय असतं ते त्या उंबऱ्याशी उभं राहिल्यावर कळतं.

१०. नदीत खुर्च्या टाकून बसतात ते हेच का?

ते ‘बिग सर रिव्हर इन’, उत्तरेला थोड्या अंतरावर. नदीच्या पात्रात लाकडी खुर्च्या असतात, पाय पाण्यात सोडून बसायचं. घोळ होतो कारण तेही फायफर कुटुंबाशीच जोडलेलं आहे. त्याच घराण्यातल्या एलन ब्राऊन यांनी १९३४ साली आपल्या दिवाणखान्यात गरम अ‍ॅपल पाय विकायला सुरुवात केली. लोक त्या जागेला ‘अ‍ॅपल पाय इन’च म्हणू लागले.

म्हणजे बिग सरच्या नदीकाठी आदरातिथ्याचे जे दोन जुने धंदे उभे राहिले, ते दोन्ही बायकांच्या स्वयंपाकघरातून निघालेले.

रस्त्याला लागून नदीकाठी रिपलवूड, फर्नवूड अशी आणखीही केबिनची ठिकाणं आहेत. ती वेगळी.

११. आणि डीट्जन्स नावाचं जुनं हॉटेल?

ते नदीवर नाही. दक्षिणेला कॅस्ट्रो कॅन्यनमध्ये, एका ओढ्याजवळ. हेल्मुट डीट्जन या नॉर्वेजियन माणसाने बांधलेलं, १९९० पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. जुन्या लाकडी खोलीतच राहायची हौस असेल तर ही जागा जास्त जवळची. भिंती पातळ आहेत, शेजारची कुजबुज ऐकू येते.

१२. ‘फायफर’ टाकून मॅपवर गेलो तर भलतीकडेच पोचलो. असं का?

कारण फायफर तीन आहेत.

फायफर बिग सर स्टेट पार्क म्हणजे आपलं हे नदीकाठचं. इथे समुद्र नाही. लाटा शोधत आलेली कुटुंबं दर वीकेंडला इथे भेटतात.

फायफर बीच म्हणजे जांभळी वाळू आणि खडकातल्या भोकातून येणारा सूर्यप्रकाश. ते राष्ट्रीय वनखात्याकडे आहे. तिथे जायला सिकमोर कॅन्यनचा अरुंद रस्ता धरावा लागतो, आणि लॉजची पावती तिथे चालत नाही.

ज्युलिया फायफर बर्न्स स्टेट पार्क आणखी ११ मैल दक्षिणेला, मॅकवे धबधबा तिथला. ज्युलिया ही जॉन यांची बहीण. १९८३ च्या मोठ्या दरडीपूर्वी हा धबधबा थेट समुद्रात पडायचा. दरडीच्या मातीने खाडी भरली, वाळूची पट्टी तयार झाली, आणि आता भरतीची वेळ सोडली तर पाणी वाळूवर पडतं.

१३. जागा सरकारी, मग भाडं खाजगी हॉटेलासारखं का? आणि टीव्ही का नाही?

जमीन आणि इमारती राज्याच्या, पण लॉज चालवायला कंत्राटदाराला दिलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्या अनेक स्टेट पार्कांत अशीच पद्धत आहे. दर बाजाराप्रमाणे ठरतात, त्यात बिग सरमध्ये खोल्या मोजक्याच. हात आखडता घ्यायचा असेल तर त्याच पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये तंबू टाका, नदी तीच आहे. मात्र आरक्षण कित्येक महिने आधी करावं लागतं.

टीव्ही मुद्दामच ठेवलेले नाहीत. मोबाइलला रेंजही जवळपास नसते, म्हणून घरच्यांना कार्मेल सोडण्याआधीच फोन करून घ्या.

१४. वणवे आणि पुरांत हे ठिकाण टिकलं कसं?

दर वेळी थोडक्यात. इथे संकट दोन हप्त्यांत येतं, हे समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. पहिला हप्ता आगीचा. डोंगरावरची झुडपं तेलकट, मेणचट. ती जळली की तो मेणचटपणा जमिनीत उतरतो आणि माती पाणी पिईनाशी होते. मग पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी राख, दगड, ओंडके घेऊन खाली येतं. हा दुसरा हप्ता.

१९७२ मध्ये हेच घडलं. ऑगस्टमध्ये मोलेरा वणवा पेटला आणि पुढच्याच पावसात चिखलाचे लोंढे बिग सर गावात घुसले. २००८ च्या बेसिन वणव्यात १,६२,००० एकरांहून जास्त जंगल जळालं, गाव रिकामं करावं लागलं. २०१६ चा सोबेरानेस वणवा १,३२,००० एकरांवर पसरला, आणि त्याचं कारण होतं कुणीतरी बेकायदा पेटवलेली एक शेकोटी. त्यात बुलडोझर चालवणारा एक माणूस गेला.

म्हणून पार्कात शेकोटीला बंदी असेल तर ‘आपली छोटीशीच’ असं म्हणू नका. तीही छोटीशीच होती.

जुने रेडवूड या सगळ्यातून टिकतात, कारण त्यांची साल जाड असते आणि लवकर पेट घेत नाही. बुंधे काळे झालेले, आतून पोखरलेले, आणि वर हिरवीगार पालवी, अशी झाडं लॉजच्या आवारातही दिसतील.

१५. २०१७ मध्ये पूल तुटला तेव्हा लॉजचा संपर्क तुटला होता का?

हा प्रश्न अवघड आहे, कारण उत्तर तुम्ही पुलाच्या कुठल्या बाजूला होता त्यावर अवलंबून.

फायफर कॅन्यनचा पूल पार्कच्या दक्षिणेला आहे. फेब्रुवारी २०१७ च्या पावसात त्याखालचा डोंगर सरकला, खांबाला तडे गेले आणि मार्चमध्ये पूल पाडावा लागला. लॉज उत्तरेला असल्याने कार्मेलकडून रस्ता होता. पुलापलीकडची वस्ती मात्र अडकली, कारण दक्षिणेलाही दरडींनी रस्ता बंद होता, आणि मे महिन्यात तर मड क्रीकपाशी डोंगराचा भलामोठा कडा रस्त्यासकट समुद्रात गेला. मधल्या लोकांचं बेटच झालं. घळीला वळसा घालून झाडीतून पायवाट काढली गेली. मुलं शाळेला आणि माणसं किराणा आणायला तिच्यावरून चालत. मधे एकही खांब नसलेला नवा पोलादी पूल ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला. मड क्रीकचा रस्ता खुला व्हायला जुलै २०१८ उजाडलं.

त्यानंतरही २०२१ मध्ये रॅट क्रीकला रस्ता वाहून गेला. निघण्याआधी कॅलट्रान्सच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्तेखात्याच्या, पानावर रस्त्याची स्थिती बघा, आणि लॉस एंजेलिसकडून येणार असाल तर दोनदा बघा.

१६. जीपीएस ‘ओल्ड कोस्ट रोड’ दाखवतो. जुना रस्ता म्हणून त्यावरून गेलो तर?

प्रश्न ५ मधला कच्चा रस्ता तो हाच. बिक्सबी पुलाच्या उत्तर टोकाला आत वळतो आणि अँड्र्यू मोलेरा पार्कसमोर पुन्हा हायवेला मिळतो, साधारण १० मैल. कोरड्या दिवशी, उंच गाडी असेल आणि घाई नसेल तर अवश्य जा. रेडवूडच्या सावलीतून उतरत लिटल सर ओलांडताना फ्लॉरेन्सबाईंचे पाहुणे काय सोसून येत असतील ते हाडांना कळतं. पावसानंतर मात्र अजिबात नको. भाड्याची गाडी असेल तर करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का तेही आधी वाचा.

१७. आईबाबा बरोबर आहेत, फार चालवत नाही. तासाभरात जुनं काय दाखवता येईल?

लॉजपाशी गाडी लावा. आधी नदीवर उतरा. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. मग सीसीसीची गोट्यांची बांधकामं पाहा (प्रश्न ८). पाय साथ देत असतील तर घळीच्या वाटेने होमस्टेड केबिनपर्यंत जा (प्रश्न ९), चढ थोडाच आहे. परत येताना माउंट मॅन्युएलकडे नजर टाका आणि तो कुणाच्या नावाचा ते त्यांना सांगा (प्रश्न ३).

एक काळजी घ्या. सीसीसीच्या पोरांच्या कामांत पॉइझन ओक उपटणं हेही एक काम होतं. नव्वद वर्षं झाली, ते अजून उगवतंय. एका देठावर तीन चकचकीत पानं, शरद ऋतूत लालभडक. आईला देवाला वाहायला आवडतील अशीच दिसतात, पण हात लावू देऊ नका. खाज आठवडाभर जात नाही.